‘कुमेरी’ म्हणजे काय, आणि तिला ‘स्थलांतरित शेती’ का म्हणू नये

गोव्यातल्या सांगे तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारले आहे: “शाळेतल्या मुलांनी गावाची माहिती गोळा करून फलक करायला घेतला आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘कुमेरी’ हा शब्द वारंवार येतो. आमच्या डोंगरातली जुनी संस्कृती दाखवणारा हा शब्द आहे असे वाटते. मराठीत त्याला ‘स्थलांतरित शेती’ म्हणावे, ‘फिरती शेती’ म्हणावे, की शब्द तसाच ठेवावा? शिवाय कोणी ‘कुमेर’ म्हणते, कोणी ‘कुमेरी’. बरोबर कोणते?”

बाई, शब्द तसाच ठेवा. ‘फिरती शेती’ समजावण्यापुरते कंसात चालून जाईल. ‘स्थलांतरित शेती’ मात्र फलकावर येऊ देऊ नका, मग ते भूगोलाच्या पुस्तकात छापलेले असले तरी.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. तीस-बत्तीस वर्षे जमिनीच्या कागदांची भाषांतरे केली, पोर्तुगीजमधून मराठीत आणि मोडीतून बाळबोधीत. हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही, खटल्याच्या कागदात भेटला, आणि पहिल्याच भेटीत त्याने मला तोंडघशी पाडले. एका जुन्या पोर्तुगीज कागदात एका डोंगराच्या वर्णनात ‘कुमेरिम’ असा शब्द होता. मला वाटले, गावाचे नाव. वाटायला कारणही होते. पोर्तुगीज लेखनात आपल्या नावांच्या शेपटाला ‘म’ चिकटतो: डिचोलीचे बिचोलिम, साखळीचे सांकेलिम, सांग्याचे सांगेम. तेव्हा ‘कुमेरिम’ हे एखाद्या ‘कुमेरी’ नावाच्या वाड्याचे रूप असणार असे धरून मी ‘मौजे कुमेरी’ लिहून मोकळा झालो. ज्यांचा कागद होता त्या केप्याच्या म्हातारबाबांनी भाषांतर वाचून घेतले आणि इतकेच विचारले की हा गाव कुठे आहे, मला एकदा दाखवा.

दुसरी चूक त्याहून शिकवणारी. एका विक्रीखतात चतुःसीमा होत्या, पूर्वेस अमक्याची कुमेरी. कच्च्या मसुद्यात मी ‘पूर्वेस अमक्याची फिरती शेती’ असे केले. वकिलाने पेन्सिलीने बाजूला लिहिले, ‘सीमा फिरती कशी असेल?’ तेव्हा डोक्यात उजेड पडला. कुमेरी ही शेतीची पद्धत आहे हे खरेच, पण ती जमीनही आहे. डोंगराच्या उतारावरचा तो ठरावीक तुकडा. त्यात या वर्षी नाचणी असेल किंवा वीस हात उंच रान असेल, दोन्ही वेळी ती कुमेरीच. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. नाव त्या तुकड्याला चिकटलेले असते, पीक उभे असो वा नसो.

आता पद्धत सांगतो. पावसाळा संपून रान वाळू लागले की उतारावरचा तुकडा निवडायचा. झुडपे, वेली, बारीक झाडे कोयत्याने आणि कुऱ्हाडीने तोडायची. मोठी झाडे सहसा मुळापासून काढत नसत. गुडघा-कमरेएवढे खोड राखले की त्याला पुढे धुमारे फुटतात, आणि फळाचे झाड असेल तर ते उभेच राहायचे. तोडलेला झाडोरा तिथेच पसरून उन्हात वाळवायचा. एप्रिल-मे महिन्यात, मृगाच्या आधी, कडेने पट्टा साफ करून आग द्यायची. पहिला पाऊस राखेवर पडला की पेरणी. नांगर नाही, कारण तसल्या उतारावर बैल उभा राहत नाही आणि नांगरलेली माती पहिल्याच झडीत खाली ओढ्यात जाते. कुदळीने टोकरून किंवा हाताने फेकून बी टाकायचे. नाचणी आणि वरी ही मुख्य धान्ये, त्यांच्यात तूर, उडीद, कुळीथ, आणि कडेने काकडी, दोडकी, भोपळा. एकाच तुकड्यात सगळे मिसळून. नाचणी दसऱ्याच्या आसपास हाती यायची, तूर थंडीपर्यंत उभी राहायची, म्हणजे घरात काही ना काही येत राहायचे. पीक दाण्यावर आले की रानडुकरे, माकडे आणि पाखरे यांच्यासाठी राखण. त्याकरता तिथेच मांगर (शेतातली खोपी) किंवा माचाण, आणि रात्रीची आरडाओरड. तुमच्या गावातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना विचारा, राखणीच्या रात्रींबद्दल ती पेरणीपेक्षा जास्त बोलतील.

हा सारा खटाटोप कशासाठी? आपल्या डोंगरांची माती बहुतेक जांभ्याची, आंबट, आणि गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, सह्याद्रीच्या कुशीत त्याहून पुष्कळ जास्त. इतक्या पावसात मातीतला कस धुऊन जातो. जो काही कस असतो तो मातीपेक्षा झाडोऱ्यात जास्त साठलेला असतो. झाडोरा जाळला की तो राखेच्या रूपाने जमिनीवर येतो, राखेने मातीचा आंबटपणा कमी होतो, आणि आगीने तणाचे बी व किडे मरतात. पहिल्या वर्षी पीक उत्तम, दुसऱ्या वर्षी बरे. तिसऱ्या वर्षी राख संपलेली आणि तण माजलेले. मग तो तुकडा सोडायचा. पण ‘सोडला’ म्हणजे टाकला नव्हे. रान परत चढून कस भरून यावा म्हणून तो ठेवलेला असतो. मराठीत ‘पडीक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कुमेरीला विश्रांतीच्या वर्षांत पडीक म्हणणे म्हणजे झोपलेल्या माणसाला मेलेला म्हणणे.

इथे थोडा हिशेब करू, कारण कुमेरीवरचे सगळे भांडण या हिशेबाचे आहे. समजा एका कुटुंबाचे सात तुकडे आहेत आणि प्रत्येकात दोन वर्षे पीक घेतात. मग पहिल्या तुकड्याकडे परत यायला चौदा वर्षे लागतात, म्हणजे त्याला बारा वर्षे विश्रांती मिळते. बारा वर्षांत आपल्याकडे चांगले रान उभे राहते. आता कोणी चार तुकडे काढून घेतले, बंद रान केले किंवा खाणीला दिले, आणि तीनच उरले. मग चक्र सहा वर्षांचे आणि विश्रांती चारच वर्षे. चार वर्षांत झुडपे उगवतात, रान नाही. राख कमी, पीक कमी, म्हणून माणूस आणखी मोठा तुकडा तोडतो, आणि मग पाहणारा म्हणतो, बघा, कुमेरीवाल्यांनी डोंगर उघडे केले. उघडे झाले हेही खोटे नाही. कमी विश्रांतीची कुमेरी डोंगर खातेच. मी काही तिची आरती ओवाळणाऱ्यांतला नाही. पण दोष पद्धतीचा किती आणि आक्रसलेल्या जमिनीचा किती, हे वेगळे करून पाहावे लागते.

गोव्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या कानड्यात, सुपे-कारवारकडे, इंग्रजांनी हेच भांडण एकोणिसाव्या शतकात केले. मद्रास इलाख्याचे पहिले वनसंरक्षक ह्यू क्लेगहॉर्न १८५६ मध्ये नेमले गेले. ते कुमरीच्या (कुमेरीला तिकडे कुमरी म्हणतात) विरोधात होते. त्यांच्या डोळ्यांपुढे साग होता, शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे नाचणी. पुढे १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्याकडे आला, वनखाते बळकट होत गेले, आणि कुमरी परवान्यापुरती उरली. आपल्याकडे पोर्तुगीज राज्य असल्यामुळे इंग्रजांचा वनकायदा इथे नव्हता. पण गोव्याचा कुमेरीचा मुलूखही एकच, नव्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या महालांचा. सांगे, केपे, काणकोण, सत्तरी हे डोंगराळ महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिसवाडी, बार्देश, साष्टीच्या जुन्या काबिजादींत भातशेती, खाजने (खाऱ्या पाण्याच्या कडेच्या जमिनी) आणि माड. त्यामुळे पणजीच्या कारकुनाला कुमेरी हा नेहमीच थोडा परका, रानटी शब्द वाटत आला. तो वास कागदांना अजून येतो.

शब्द मुळात कुठला? कन्नडमध्ये ‘कुमरी’, ‘कुमेरी’ आहे, तुळूतही आहे. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात कन्नड शब्द मराठी ‘कुंबरी’वरून आला असे म्हटले आहे आणि कुंबरीचा अर्थ दिला आहे हलक्या मातीचा डोंगरउतार. उलट दिशेने आला असे म्हणणारेही भेटतील. सीमेवरच्या शब्दाला दोन्हीकडचे मामा असतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की त्या जुन्या अर्थातही जमीन आहे, उतार आहे. भटकणे कुठेच नाही. कोणी तुम्हाला सांगेल की ‘कुमारी भूमी’वरून कुमेरी झाले, म्हणजे कोणी हात न लावलेली जमीन. ऐकायला सुरेख आहे आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. दर बारा वर्षांनी ज्या जमिनीला हात लागतो ती कुमारी कशी? मुलांच्या फलकावर ही व्युत्पत्ती नको.

कुमेर की कुमेरी? दोन्ही चालतात. बोलताना ‘कुमेर’ तोडकी पडते, कागदावर ‘कुमेरी’ लांबते. काही लोक शेवटी अनुस्वार देऊन ‘कुमेरीं’ म्हणतात. तुमच्या गावात ज्यांनी प्रत्यक्ष ती केली ते जे म्हणतात ते मोठ्या अक्षरात लिहा आणि दुसरे रूप एकदाच शेजारी द्या.

आता ‘स्थलांतरित’वर येतो, कारण माझा खरा राग त्यावर आहे. स्थलांतरित म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येते? डोक्यावर गाठोडे, काखेला पोर, एका जागेवरून उठून दुसरीकडे निघालेली माणसे. नागालँडच्या झूमबद्दलही (तिकडची अशीच फिरती शेती) हे पूर्ण खरे नाही, पण आपल्या कुमेरीबद्दल तर साफ चूक आहे. वेळीप, गावडे, कुणबी या कुमेरी करणाऱ्या समाजांची गावे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी आहेत. घर तिथेच, तुळस तिथेच, मांड (गावाने उत्सवाला जमायची जागा) तिथेच, देवाची राय (राखलेले रान) तिथेच. खाली ओहोळाच्या काठाला थोडे भात, घराशेजारी परसू, आणि वर डोंगरात कुमेरी. काणकोणातल्या एका वेळीप आजीला मी बावळटासारखे विचारले होते की तुम्ही किती वर्षांनी जागा बदलायचात. ती हसून म्हणाली, “शेत भोंवता, आमी न्हय.” शेत फिरते, आम्ही नव्हे. भाषांतराचे याहून चांगले टिपण मला कोणी दिले नाही. ‘फिरती शेती’ मला म्हणूनच थोडी तरी चालते, फिरणे शेतीकडे राहते म्हणून. ‘स्थलांतरित’मध्ये ते माणसावर जाऊन बसते.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. गोव्यात १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली सत्तरच्या दशकात मोजणी झाली आणि एक-चौदाचे उतारे (जमिनीच्या नोंदीचे कागद) तयार झाले. तुमच्या घरी असेलच एखादा, काढून बघा. लागवडीखालच्या क्षेत्राचे रकाने आहेत: जिरायत, बागायत, तरी (भाताची जमीन), खाजन, केर, मोरड. पुढे पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, अ आणि ब. किती बारकाईने केले आहे पाहा. खाऱ्या पाण्याच्या कडेची जमीन वेगळी, रेताड केर वेगळी, उंचावरची मोरड वेगळी. कुमेरीला मात्र रकाना नाही. आता विचार करा, मोजणीदार डोंगरावर आला तेव्हा सातांपैकी एका तुकड्यात नाचणी होती आणि सहांत रान. त्याने काय लिहिले असेल? फार तर एक तुकडा जिरायत. बाकीचे सहा पोटखराब, नाहीतर सरकारी रान. कुणाची लबाडी नसेलही. रकाना नसला की जमीन दिसत नाही, इतके ते साधे आहे.

पुढे १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्ये झाली. पुष्कळ जुन्या कुमेरी त्यांच्या हद्दीत गेल्या. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन कसत आहात तिच्यावर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मागता येतो. अनुसूचित जमातीखेरीज इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. धनगर-गवळी अजून त्या यादीबाहेर आहेत आणि त्यांचा डोंगराशी असलेला संबंध हा वेगळ्याच उत्तराचा विषय आहे. या दाव्यांत जुने कागद चालतात, जागेवरच्या खुणा चालतात, वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो. अशा जबाबात म्हाताऱ्याने ‘माझी कुमेर’ म्हटले आणि लिहिणाऱ्याने ‘स्थलांतरित शेती करीत असे’ असे उतरवले, तर वाचणारा अधिकारी काय समजेल? हा माणूस फिरत होता, याची अमुक जागा अशी नव्हतीच. एक विशेषण चुकले आणि जमीन पायाखालून गेली. मी असे जबाब दुरुस्त करून दिले आहेत. ‘डोंगरातील स्वतःच्या ठरलेल्या कुमेरीच्या तुकड्यांत आलटून-पालटून पीक घेत असे’ असे लिहायचे. वाक्य लांबते, लांबू द्या.

शेजारच्या शब्दांशी गल्लत होते, तेही सांगून ठेवतो. रायगडाकडे ठाकूर-कातकऱ्यांच्या ‘दळी’ जमिनी आहेत, त्या कुमेरीच्या सख्ख्या बहिणी. ‘राब’ मात्र वेगळा. तो भाताच्या रोपासाठी पाला-पाचोळा, शेण पसरून जाळायचा, जमीन तीच, दरवर्षी. ‘वरकस’ म्हणजे कोकणातली डोंगराची हलकी जमीन, तिथे नाचणी-वरी होते आणि राबाचा पालाही मिळतो. वरकसात कुमेरी करता येते, पण प्रत्येक वरकस ही कुमेरी नव्हे. सत्तरीत म्हादईच्या पात्रात करतात ती ‘पुरण’ शेती तर पाण्याची, तिचा डोंगराशी संबंध नाही. मुले आजोबांकडून हे सगळे शब्द एका दमात ऐकून येतील, म्हणून आधीच सांगितले.

‘डोंगरातली जुनी संस्कृती’ या तुमच्या शब्दांबद्दल थोडे बोलू का? शब्द चुकीचे नाहीत, पण फलकावर आले की त्यांना गुलाबी रंग चढतो. कुमेरी ही हौस नव्हती. खालची भाताची जमीन दुसऱ्याची, नाहीतर पुरत नाही, म्हणून डोंगर चढायचा. नाचणीची भाकरी, आंबील आणि तिजन (नाचणीची पेज) आज हॉटेलात पौष्टिक म्हणून मिळतात. कुमेरीवाल्याच्या घरी ते श्रावणापासून दिवाळीपर्यंतचे पोट होते. संस्कृती होती ती यात: कुठला तुकडा कोणाचा हे कागदाशिवाय ठरलेले होते, आग द्यायच्या दिवशी सगळा वाडा हजर असायचा, आणि देवाच्या राईत कोयता जात नसे. वरपासून खालपर्यंत डोंगर जळालेला आणि मध्ये राईचा हिरवा ठिपका, असे वर्णन मी दोन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या माणसांकडून ऐकले आहे.

फलकावर शेवट कसा करायचा हा प्रश्न येईल. ‘आता ही परंपरा लोप पावली’ असे कृपया लिहू नका. गोवामुक्तीनंतर वनकायद्याने आग बंद होत गेली, तसे लोकांनी त्याच तुकड्यांत काजू लावले. काजू आला ब्राझीलहून, पोर्तुगिजांबरोबर, पण आपल्या डोंगरउतारांवर तो जसा रुजला तसे दुसरे काही रुजले नाही. नांगर नको, पाणी नको, आणि झाड उभे म्हणजे ताबा उभा. फिरणारे शेत काजूने एका जागी बांधले. आज तुमच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये ज्या उतारांवर बोंडांचा वास सुटतो, त्यांतले बरेच कालपरवाच्या कुमेरी आहेत. मुलांना तिथेच न्या आणि वडीलधाऱ्यांकडून तुकड्यांची नावे विचारून घ्या. नावे बहुधा एखाद्या झाडावरून, कातळावरून नाहीतर पणज्यावरून पडलेली असतात आणि ती कुठल्याच उताऱ्यावर सापडत नाहीत.

मजकूर असा चालेल, हवा तर बदला: “कुमेरी (कुमेर): डोंगरउतारावरचा झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत दोन-तीन वर्षे नाचणी, वरी, तूर इत्यादी पिके घेऊन नंतर रान वाढण्यासाठी राखून ठेवलेली जमीन, तसेच त्या शेतीची पद्धत. गाव एका जागी राहत असे, शेत ठरलेल्या तुकड्यांतून फिरत असे. आमच्या गावातल्या कुमेरींवर आता मुख्यतः काजू आहे.” त्याखाली मुलांनी गोळा केलेली तुकड्यांची नावे लिहा, आणि ‘कुमेरी’ला अवतरणचिन्हे घालू नका. ‘शेती’ला आपण घालत नाही.